पहिले प्रोफेशनल डिजिटल कॅमेरे नेमके किती बनले, हे शोधायचं कसं

गोव्यात जुने कॅमेरे जमवणारे, दुरुस्त करणारे, नुसतेच कपाटात जपून ठेवणारे लोक पुष्कळ आहेत, आणि कोणाच्या हाती तो कोडॅकचा जाडजूड डिजिटल कॅमेरा लागला की पहिला प्रश्न ठरलेला, असे एकूण बनले तरी किती? फिल्म कॅमेऱ्यांचं बरं असतं, लायकाचं घ्या, कुठल्या वर्षी कुठल्या नंबरपासून कुठल्या नंबरपर्यंत कॅमेरे निघाले त्याचे तक्ते कधीचेच छापलेले आहेत. डिजिटलची पहिली दहाएक वर्षं म्हणजे १९९१ पासून साधारण २००१ पर्यंतचा काळ मात्र जवळजवळ कोरा आहे, कंपन्यांनी मॉडेलप्रमाणे आकडे सहसा जाहीर केलेच नाहीत, आणि जो आकडा फिरतो तो कोणी कुठून आणला हे कोणी विचारत नाही. मला वाटतं हे काम आत्ताच व्हायला पाहिजे, कारण ते कॅमेरे बनवणारी आणि वापरणारी माणसं अजून आहेत, आणि कॅमेरे मात्र भराभर भंगारात चाललेत.

सगळ्यात आधी, काय मोजताय ते ठरवा. हे वाचायला सोपं वाटतं पण निम्मा घोळ इथेच होतो. कारखान्यात बनलेले, दुकानदाराकडे पाठवलेले, गिऱ्हाइकाला विकलेले आणि आज शिल्लक असलेले, हे चार वेगवेगळे आकडे आहेत. कोडॅकच्या डीसीएस १०० चं उदाहरण घ्या. हा १९९१ मध्ये बाजारात आला, निकॉन एफ३ ची बॉडी, मागे कोडॅकची डिजिटल बॅक, १३ लाख पिक्सेल, आणि केबलने जोडलेला एक वेगळा डबा खांद्याला अडकवायचा, त्यात २०० एमबीची हार्ड डिस्क, कॉम्प्रेस न करता १५६ फोटो मावायचे. किंमत २० हजार डॉलरच्या घरात. १९९१ च्या रुपयाच्या अवमूल्यनानंतर डॉलर साधारण २५ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे इथल्या हिशोबाने पाचएक लाख झाले, ड्युटी वेगळीच. या कॅमेऱ्याचा सगळीकडे दिसणारा आकडा ९८७ आहे, पण नीट वाचा, तो विकलेल्या कॅमेऱ्यांचा आकडा म्हणून दिला जातो. बनलेल्या कॅमेऱ्यांचा नव्हे. टेस्टिंगसाठी बनवलेले, कंपनीच्या लोकांनी डेमोला फिरवलेले, दुरुस्तीत बदलून दिलेले, हे सगळे त्यात धरलेत की नाही हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. तेव्हा असा कुठलाही आकडा मिळाला की तो कोणी पहिल्यांदा लिहिला तिथपर्यंत मागे मागे जा, आणि त्या माणसाने क्रियापद कुठलं वापरलंय ते वहीत लिहून ठेवा.

मागे जाताना आतल्या माणसाने लिहिलेलं काही मिळालं तर सोनंच. जिम मॅकगार्वी नावाचे कोडॅकचे इंजिनिअर, यांनी स्वतः हे डीसीएस कॅमेरे बनवण्यात काम केलं आणि २००४ मध्ये त्या सगळ्या प्रवासाचा इतिहास लिहून काढला, डीसीएसच्या आधी कॅनन एफ-१ च्या बॉडीवर अमेरिकन सरकारसाठी केलेल्या कॅमेऱ्यापासून. कोडॅकच्या बाबतीत सुरुवात तिथूनच करावी. अशी माणसं आकडा देतात तेव्हा संदर्भही देतात, कुठलं मॉडेल कशासाठी काढलं, का बंद केलं, आणि तो संदर्भ पुढे सिरियल नंबर लावताना फार उपयोगी पडतो.

आता नावांचा गोंधळ, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण शोध फसतो तो बहुतेक वेळा इथेच. डीसीएस १०० बाजारात आला तेव्हा त्याला १०० म्हणायचेच नाहीत, तेव्हा ती नुसती कोडॅक प्रोफेशनल डिजिटल कॅमेरा सिस्टीम होती, पुढची मॉडेलं आल्यावर ओळखायला सोपं म्हणून १०० लागलं. मग १९९१ च्या जाहिरातींत आणि बातम्यांत तुम्ही डीसीएस १०० शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. दुसरं, निकॉन एकच बॉडी अमेरिकेत एका नावाने आणि बाकी जगात दुसऱ्या नावाने विकायची. १९९२ च्या डीसीएस २०० मधली बॉडी अमेरिकेत एन८००८एस आणि आपल्याकडे एफ८०१एस, डीसीएस ४२० मधली तिकडे एन९०एस आणि इकडे एफ९०एक्स. दोन्ही नावांनी शोधा. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, एकच कॅमेरा दोन कंपन्यांच्या नावाने विकला जायचा. १९९८ चा कोडॅक डीसीएस ५२० आणि कॅनन ईओएस डी२००० हा एकच कॅमेरा आहे, तसंच डीसीएस ५६० आणि डी६०००. निकॉनचा ई२ आणि फुजीचा डीएस-५०५, १९९५ मधले, तेही तसेच. मिनोल्टा आरडी-१७५ हा आग्फाने अ‍ॅक्शनकॅम म्हणून विकला. म्हणजे कोणी म्हणालं डी२००० इतके बनले, तर विचारायचं की बाबा फक्त कॅनन लिहिलेले की दोन्ही मिळून? आणि नंबराची मालिका दोघांची एकच होती की वेगळी? हे ठरवल्याशिवाय बेरीज करूच नका.

त्यात पोटप्रकार आणखी वेगळे. डीसीएस २०० रंगीत होता, ब्लॅक अँड व्हाइट होता, आतल्या हार्ड डिस्कसकट होता आणि तिच्याशिवायही. ४२० मध्ये तर इन्फ्रारेडवालासुद्धा होता. आणि एनसी२००० हा असोसिएटेड प्रेस (एपी) या वृत्तसंस्थेसाठी केलेला कॅमेरा ४२० चाच जवळचा नातेवाईक आहे. तुमच्या तक्त्यात प्रत्येक पोटप्रकाराला वेगळा कॉलम ठेवा, नंतर एकत्र करता येतं पण एकदा मिसळलेलं वेगळं करता येत नाही.

कागदपत्रांचं बोलायचं तर अपेक्षा माफक ठेवा. अमेरिकन कंपन्यांचे वार्षिक रिपोर्ट १९९० च्या दशकाच्या मधल्या वर्षांपासून तिथल्या शेअर बाजार नियामकाच्या एडगर या साइटवर फुकट मिळतात, कोडॅकचेही आहेत, पण त्यात धंद्याचे एकूण डॉलर असतात, मॉडेलप्रमाणे नग नसतात. जपानी कंपन्यांची संघटना सीआयपीए, ती शिपमेंटचे आकडे दरमहा देते, तेही सगळ्या कंपन्या मिळून, आणि संघटना स्थापन झाली २००२ मध्ये, म्हणजे आपल्या काळाला फारसा उपयोग नाही. पेटंटं वाचायला छान असतात, स्टीव्ह सॅसन यांनी १९७५ मध्ये केलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याचं पेटंट १९७८ मध्ये मिळालं ते जरूर वाचा, पण पेटंटवरून किती बनले ते कळत नाही. कॅननच्या कॅमेरा म्युझियमच्या साइटवर प्रत्येक मॉडेल कुठल्या महिन्यात बाजारात आलं आणि जपानमध्ये किंमत काय होती ते मिळतं. किंमत का बघायची? कारण किंमतीवरून आकड्याचा अदमास येतो. ईओएस डीसीएस १ ची किंमत ३६ लाख येन होती, अशी वस्तू लाखांनी विकली जात नाही, तेव्हा कोणी त्याचा पाच आकडी नंबर सांगितला तर दोनदा तपासायचं. उलट १९९९ चा निकॉन डी१ साडेसहा लाख येनाला आला, त्यामुळे तो कितीतरी जास्त वर्तमानपत्रांना परवडला. बंद पडलेल्या कंपनी-पानांसाठी इंटरनेट अर्काइव्हचं वेबॅक मशीन आहेच, ते १९९६ पासूनची पानं ठेवतं, जुन्या प्रेस रिलीजमध्ये कधीकधी महिन्याला इतके नग बनवणार असं लिहिलेलं सापडतं. लक्षात घ्या तो बेत असतो, झालेलं उत्पादन नव्हे. आणि खरोखर खोल जायचं असेल तर कोडॅकचे ऐतिहासिक कागद रॉचेस्टर विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत, तिथल्या लोकांना ईमेल करून मॉडेलचं नाव आणि वर्षं नेमकी सांगितली तर उत्तर मिळण्याची शक्यता जास्त, नुसतं डिजिटल कॅमेऱ्यांबद्दल काही आहे का असं विचारू नये.

मोठ्या गिऱ्हाइकांवरूनही कमीत कमी किती बनले असतील ते कळतं. एपीने आपल्या सदस्य वर्तमानपत्रांना एनसी२००० विकले, कॅनडातल्या व्हँकूव्हर सनने १९९० च्या दशकाच्या मध्याला आपला सगळा फोटो विभाग याच कॅमेऱ्यांवर आणला. नासाने स्पेस शटल आणि स्पेस स्टेशनवर डीसीएस ४६० आणि पुढे ७६० वापरले, आणि अंतराळवीरांनी काढलेल्या पृथ्वीच्या फोटोंच्या नासाच्या यादीत प्रत्येक फोटोला कॅमेऱ्याचं मॉडेल लिहिलेलं असतं. अशा ठिकाणी एका संस्थेकडे किती नग होते ते कळलं की ते खालच्या बाजूची मर्यादा म्हणून लिहून ठेवायचं.

पण खरं काम सिरियल नंबरांचं.

कोडॅकच्या या कॅमेऱ्यांवर दोन नंबर असतात, एक निकॉनच्या बॉडीचा आणि एक कोडॅकचा. निकॉनचा नंबर आपल्या कामाचा नाही, कारण ती बॉडी निकॉनच्या नेहमीच्या फिल्म कॅमेऱ्यांच्या हजारो-लाखोंच्या रांगेतली आहे. आपल्याला कोडॅकचा नंबर पाहिजे, तो बहुतेक खालच्या बाजूच्या लेबलवर असतो. लिलावाच्या साइटवर विकायला ठेवलेल्या कॅमेऱ्यांचे फोटो मोठे करून बघा, विकणारे खालच्या बाजूचा फोटो बऱ्याचदा टाकतात. तिथून जाहिरात निघून जाते म्हणून फोटो लगेच सेव्ह करा आणि तारीख घाला. म्युझियमांच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये नंबर असतो. जुन्या बिलांवर, रिपेअरच्या पावत्यांवर, वॉरंटी कार्डावर असतो. निकॉनच्या पुढच्या मॉडेलांत आणखी एक पंचाईत आहे, काही मॉडेलांत अमेरिकेसाठी नंबराची सुरुवातच वेगळ्या आकड्याने होते, म्हणून नंबर लिहिताना कॅमेरा कुठल्या देशात विकला गेला तेही लिहायचं.

कॅमेरा नसला आणि फोटो फाइल असली तरी चालतं. जुन्या पीसी कार्डवर किंवा सीडीवर मूळ फाइल्स राहिलेल्या असतात. डीसीएसच्या फाइलचं एक्स्टेन्शन टिफ असतं पण आत रॉ म्हणजे सेन्सरचा कच्चा डेटा असतो, साध्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली तर बारीकसा थंबनेल दिसतो आणि माणसाला वाटतं फोटो खराब झालाय. तशी उघडून सेव्ह करू नका, आतला सगळा मूळ डेटा जातो. आधी पूर्ण कॉपी काढा, कॉपीवर एक्झिफटूल हा फाइलमध्ये लपलेली माहिती दाखवणारा प्रोग्रॅम चालवा, नंबर लिहिलेला असला तर तिथे दिसेल. एक्झिफ म्हणजे फोटोच्या फाइलमध्येच कॅमेऱ्याची माहिती लिहायची ठरलेली पद्धत, तिच्या स्टँडर्डमध्ये बॉडीच्या सिरियल नंबरसाठी स्वतंत्र जागा २०१० मध्ये आली, त्याआधी प्रत्येक कंपनी तो आपापल्या मेकरनोटमध्ये, म्हणजे फाइलमधल्या स्वतःच्या खास नोंदीत, आपल्या पद्धतीने ठेवायची, म्हणून साध्या व्ह्यूअरमध्ये दिसला नाही म्हणजे नाहीच असं समजू नका.

नंबर जमले की गणित, आणि हे गणित शाळेतल्या पोरालाही जमेल. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांना जर्मनी महिन्याला किती रणगाडे बनवतो ते पाहिजे होतं. हेरांच्या माहितीवरून ऑगस्ट १९४२ साठी आकडा निघाला १५५०. पकडलेल्या रणगाड्यांच्या सिरियल नंबरांवरून गणितवाल्यांनी काढला ३२७. युद्ध संपल्यावर जर्मन कागद मिळाले तेव्हा खरा आकडा होता ३४२. तीच पद्धत कॅमेऱ्यांना लागू पडते.

रीत अशी. तुम्हाला मिळालेला सगळ्यात मोठा नंबर घ्या. त्याला एकूण किती नंबर जमवले त्याने भागा, येईल ते मोठ्या नंबरात मिळवा, आणि एक वजा करा. समजा एका मॉडेलचे २० नंबर मिळाले आणि सगळ्यात मोठा ११८०. ११८० भागिले २० म्हणजे ५९, ११८० अधिक ५९ वजा १, झाले १२३८. हा अंदाज. पण नुसता १२३८ सांगू नका, वरची मर्यादाही काढा. त्यासाठी ०.०५ चं विसावं मूळ काढायचं, म्हणजे जितके नमुने तितकावं मूळ, मोबाइलच्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर होतं, ते येतं ०.८६१ च्या जवळपास, ११८० ला त्याने भागलं की साधारण १३७०. म्हणजे नमुने खरंच कसेही विखुरलेले असतील तर एकूण आकडा ११८० ते १३७० च्या मध्ये असण्याची खात्री ९५ टक्के. आता नमुने पाचच असते तर हीच वरची मर्यादा २१०० च्या पुढे गेली असती, यावरून कळेल की आणखी दहा नंबर शोधायची मेहनत का घ्यायची.

हे सगळं नंबर १ पासून सुरू झाले आणि मध्ये गाळले नाहीत असं धरून. कंपन्या तसं करतीलच असं नाही, काही जण ३००० पासून सुरू करतात. तुमचे सगळे नंबर समजा ३०१४ ते ४१८० मध्येच पडतायत, एकही खाली नाही, तर सुरुवात माहीत नाही असं धरून दुसरी रीत वापरा. मोठ्यातून लहान वजा, ११६६, त्याला २१ ने गुणा, १९ ने भागा आणि १ वजा करा, साधारण १२८८. इथे २१ म्हणजे नमुन्यांपेक्षा एक जास्त आणि १९ म्हणजे एक कमी. आणि नंबर चढत्या क्रमाने एका ओळीत मांडून बघा, मध्ये शेकडोंचा खड्डा दिसला तर तो ब्लॉक वेगळ्या पोटप्रकारासाठी किंवा वेगळ्या देशासाठी राखलेला असू शकतो, मग दोन्ही तुकड्यांचा हिशोब स्वतंत्र करायचा.

एक गोष्ट बहुतेक लोक विसरतात. एका वर्तमानपत्राने एकदम कॅमेरे घेतले आणि पुढे कधीतरी ते सगळे एकाच दुकानदाराने विकायला काढले, तर तुम्हाला लागोपाठचे सात-आठ नंबर मिळतील आणि वाटेल नमुने वाढले. ते सात-आठ नमुने नाहीत, हिशोबात ते एकच धरा. तसंच, जमवलेल्या नंबरांचे दोन भाग करा, आधी सापडलेले आणि नंतर सापडलेले, पहिल्या भागावरून अंदाज काढा आणि दुसऱ्या भागातला कुठला नंबर त्या मर्यादेबाहेर जातो का बघा. गेला तर कुठेतरी गृहीतक चुकलंय.

आता आपल्याकडे कुठे शोधायचं. गोव्यात डीसीएस १०० सापडणं कठीण, पण डी१, डी१एक्स, कॅननचा २००० चा डी३०, कोडॅकचे नंतरचे मॉडेल, हे आहेत. तारवटी घरांमध्ये विचारा, जहाजावरून येताना आणलेल्या वस्तू आमच्या घरांत वर्षानुवर्षं मूळ बॉक्ससकट असतात, आणि बॉक्सवर नंबर असतो, तो बॉडीशी जुळतो का तेही तपासा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर नजर ठेवा. पणजी, मडगाव, फोंड्याच्या जुन्या स्टुडिओवाल्यांशी बोला, लग्नाच्या सीझनमध्ये मात्र जाऊ नका, त्यांना बोलायला फुरसत नसते, चवथ झाल्यावर बरं पडतं. २००४ पासून इफ्फी पणजीत होतोय, त्यासाठी बाहेरून आलेल्या प्रेस फोटोग्राफरांनी जुने कॅमेरे इथल्या मित्रांना दिले असतील तर तेही विचारून बघण्यासारखं.

सरकारी खात्यांत आणि संस्थांत डेड स्टॉक रजिस्टर असतं, त्यात वस्तू, खरेदीची तारीख, किंमत आणि बऱ्याचदा सिरियल नंबरही असतो. माहिती हक्काच्या २००५ च्या कायद्याखाली अर्ज करता येतो, पण अर्जात नेमकं लिहा, अमुक वर्षापासून अमुक वर्षापर्यंत खरेदी केलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या नोंदींची प्रत द्या, एवढंच. मोघम विचारलं तर उत्तरही मोघम येतं. शास्त्रीय संस्थांना विसरू नका, ब्लॅक अँड व्हाइट आणि इन्फ्रारेडवाले कॅमेरे शास्त्रीय कामासाठीही वापरले जायचे, दोनापावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी निवृत्त झालेल्या लोकांकडून अशा उपकरणांची माहिती मिळू शकते. आणि पणजीला पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालय आहे, १८३२ मध्ये सुरू झालेलं, तिथे जुनी वर्तमानपत्रं बघायला मिळतात, जाहिरातींच्या पानांवर कुठला कॅमेरा कधी आणि कितीला आला ते तारखेसकट सापडतं.

आपल्या हवेचा त्रास आहे. पावसाळ्यात लेबलांचा डिंक सुटतो, एफ९०एक्सच्या मागच्या रबराचा चिकटा होतो आणि तो लेबलवरही लागतो. नंबर पुसट असेल तर स्पिरिटने घासू नका, छपाईच जाते. टॉर्च बाजूने तिरका धरून मोबाइलने फोटो काढा, कॉन्ट्रास्ट वाढवला की वाचता येतो.

तक्ता साधाच ठेवा. मॉडेल, पोटप्रकार, कोडॅक किंवा कॅनन कुठलं नाव छापलंय, दोन्ही नंबर, देश, नंबर कुठे दिसला, कधी दिसला, फोटो आहे की नुसतं कोणी सांगितलं. शेवटचा कॉलम फार महत्त्वाचा, फोनवर सांगितलेला नंबर आणि डोळ्यांनी पाहिलेला नंबर एका मापाने धरू नका. मालकाचं नाव, गाव तक्त्यात नको, ते वेगळ्या वहीत. काही जणांना चोरीच्या भीतीने पूर्ण नंबर बाहेर जायला नको असतो, त्यांचा शेवटचा आकडा झाकला तरी गणितात फारसं काही बिघडत नाही, ११८७ च्या जागी ११८० धरला तरी अंदाज जवळजवळ तेवढाच राहतो.

आणि आकडा बाहेर सांगताना असा सांगा: अमुक मॉडेल, फक्त रंगीत, सिरियल नंबरांवरून अंदाज १२३८, ९५ टक्के खात्रीने ११८० ते १३७०, नमुने २०, नंबर १ पासून सुरू धरले, अमुक महिन्यापर्यंतची माहिती. उद्या कोणी ११८० पेक्षा मोठा नंबर दाखवला तर पुन्हा गणित करा आणि नवी तारीख घालून जुन्या अंदाजाच्या खाली लिहा, जुना खोडू नका, कारण पुढे काम करणाऱ्याला कुठल्या नमुन्याने आकडा किती हलला ते बघायचं असतं.